आरोपीला कळेल अशा भाषेत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वकिलाची फी, वर्षानुवर्षे पडणाऱ्या तारखा आणि शेवटी विकावे लागणारे शेत असते. या कारणांत आणखी एकाची भर घालावी असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कोर्टात आपल्याविषयी काय चालले आहे ते आपल्यालाच कळत नाही, हे ते कारण. आम्हा सीमेवरच्या माणसांना ते जरा जास्तच लागू पडते.

मी नौबादला राहतो. बिदर शहराला लागून असलेले हे गाव बहामनी काळातल्या करेजमुळे, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या बोगद्यामुळे, अभ्यासकांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला कन्नडात हाक देतो, भाजीवाली मराठीत भाव सांगते, सायकल दुरुस्त करणारे चाचा दखनीत बोलतात आणि बांधकामावर जाणाऱ्या लमाणी बायका आपसांत आपल्या बोलीत गप्पा मारतात. भाषेवाचून कोणाचे काही अडत नाही. आपल्या या वार्षिक अंकाचीही काही पाने मराठी आणि काही कन्नड. तेव्हा भाषा कळली नाही म्हणून एखाद्यावर अन्याय झाला, असे कोणी सांगितले तर ती गोष्ट आपल्याला दूरच्या मुलखातली वाटते. मलाही तसेच वाटत असे. माझ्या मामांचा खटला पाहिला आणि मत बदलले.

मामा औराद तालुक्यातल्या एका खेड्यात शेती करतात. बांधावरच्या बाभळीवरून भाऊबंदांत तंटा झाला, शब्दाने शब्द वाढला, काठ्या निघाल्या. समोरच्याच्या खांद्याला मार लागला आणि फिर्याद झाली. कोर्ट कोणते हे सांगण्याची गरज नाही, कारण तेथे कोणी वाईट नव्हते. न्यायाधीश शांत स्वभावाचे होते. मामांचे वकील त्यांच्याशी बाहेर मराठीतच बोलत, पण त्या एका दिवसात त्यांच्या सहा प्रकरणांच्या तारखा होत्या. साक्षी कन्नडात झाल्या. मामांचे कन्नड आठवडी बाजारापुरते. भाव, माप, देणेघेणे, 'हौदु' म्हणजे होय आणि 'इल्ला' म्हणजे नाही, यापलीकडे ते जात नाही.

साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. पुराव्यात तुमच्याविरुद्ध अमुक गोष्ट आली आहे, त्यावर तुमचे काय म्हणणे आहे, असे त्या प्रश्नांचे स्वरूप असते. मी मागच्या बाकावर बसलो होतो. प्रत्येक प्रश्नाला मामा हात जोडून "हौदु, साहेब" म्हणत होते. बाहेर आल्यावर मी विचारले, "मामा, सगळ्यालाच होय का म्हणालात?"

ते म्हणाले, "आरं, साहेब इतकं निवांत इचारत हुते. मोठ्या माणसाला तोंडावर न्हाई कसं म्हनावं?"

शिक्षा मोठी नव्हती. दंड झाला, तो आम्ही भरला. पण पहिली काठी कोणी उगारली हे मामांना सांगायचे होते. ते सांगायचे राहूनच गेले. आजही विषय निघाला की ते म्हणतात, "दंडाचं काई न्हाई रे. पर त्या साक्षीदारानं तिथं उभं राहून माझ्याबद्दल काय सांगितलं, ते मला अजून ठावं न्हाई." मी त्या दिवशी बाकावरून उठून न्यायाधीशांना सांगायला हवे होते की यांना कन्नड कळत नाही. मी उठलो नाही. कोर्टात बोलायची आपली पायरी नव्हे, असे मला वाटले. हा लेख लिहिण्यामागे ती टोचणी आहे, हे आधीच कबूल करतो.

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. तौलनिक शासनपद्धती हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय. इंग्लंडचे पंतप्रधान, अमेरिकेचे अध्यक्ष आणि स्वित्झर्लंडची मंत्रिपरिषद यांची तुलना आमचे विद्यार्थी पाठ करून लिहितात. पण त्या देशांत एखाद्या माणसावर गुन्ह्याचा आरोप आला तर त्याला कसे वागवतात, हा प्रश्न आमच्या पुस्तकात येत नाही. तो कायद्याच्या महाविद्यालयाकडे सोपवून आपण मोकळे होतो. खरे पाहता अध्यक्षाशी आपला कधी संबंध येत नाही. फौजदाराशी आणि मॅजिस्ट्रेटशी मात्र येऊ शकतो. म्हणून निरनिराळ्या देशांच्या फौजदारी न्यायाचा तौलनिक अभ्यास साध्या बी. ए.च्या वर्गातही व्हावा, असे माझे मत आहे. तो काय देऊ शकतो हे दाखवण्यासाठी मी एकच प्रश्न घेतो. आरोपीला खटल्याची भाषा कळत नसेल तर तो खटला न्याय्य म्हणावा का?

या प्रश्नासाठी आपला जिल्हा ही चांगली प्रयोगशाळा आहे. माझ्या आजोबांच्या काळी इथे निजामाचे राज्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि कोर्टकचेरीची भाषा उर्दू झाली. संस्थानाचा दंडसंग्रहही वेगळा होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १९५१ मध्ये इंडियन पीनल कोड हैदराबाद राज्याला लागू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची भाषावार वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, बिदर म्हैसूर राज्यात आले. पुढे १ जुलै २०२४ रोजी पीनल कोड जाऊन भारतीय न्याय संहिता आली. म्हणजे एकाच घराच्या तीन पिढ्यांनी तीन दंडसंग्रह पाहिले आणि कोर्टाची भाषा उर्दूवरून कन्नडावर गेलेली पाहिली. जी भाषा त्या घराच्या चुलीपाशी बोलली जात होती ती यांत कधी आली, कधी नाही.

कायदा मात्र एका देशातून दुसऱ्या देशात सहज जातो. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केलेला पीनल कोडचा मसुदा १८६० मध्ये मंजूर झाला आणि १८६२ पासून अमलात आला. थोड्याफार फरकाने तोच सिंगापूर, मलाया, श्रीलंका, ब्रह्मदेश आणि सुदानपर्यंत पोहोचला. कलमे भाषांतरित होतात, छापली जातात, परीक्षेला लागतात. ज्याच्यावर ती लावायची त्या माणसाचे काय, हा प्रश्न प्रत्येक देशाला स्वतंत्रपणे सोडवावा लागला. कित्येकांनी तो उशिरा सोडवला.

आयर्लंडचे उदाहरण पाहा. ऑगस्ट १८८२ मध्ये तिथल्या मामट्रास्ना या डोंगरी भागात एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. आरोपींत माइल्स जॉइस नावाचा एक शेतकरी होता. त्याला फक्त आयरिश भाषा येत होती. खटला डब्लिनमध्ये इंग्रजीत चालला. त्याचे वकील इंग्रजी बोलणारे, ज्यूरी इंग्रजी बोलणारी. ज्यूरीने अवघ्या सहा मिनिटांत त्याला दोषी ठरवले. डिसेंबर १८८२ मध्ये गॉलवेच्या तुरुंगात तिघांना फाशी झाली. त्यांपैकी दोघांनी मरण्यापूर्वी सांगितले होते की माइल्स निरपराध आहे. तरीही त्याची फाशी टळली नाही. त्याच आडनावाचा प्रसिद्ध लेखक जेम्स जॉइस याने १९०७ मध्ये या खटल्यावर इटलीतील भाषेत, इटालियन वृत्तपत्रात, लेख लिहिला. शेवटी २०१८ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी माइल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली. मध्ये १३६ वर्षे गेली.

आश्चर्य असे की ज्या इंग्रजांच्या कोर्टात हे घडले, त्यांनी स्वतः हेच दुःख पाचशे वर्षांपूर्वी भोगले होते. इंग्लंडवर नॉर्मन लोकांचे राज्य आल्यावर तिथल्या कोर्टांत फ्रेंच भाषा रुळली. आपल्या बाजूने आणि आपल्या विरुद्ध काय बोलले जाते हे लोकांना कळत नाही, अशी ओरड झाली. म्हणून १३६२ मध्ये पार्लमेंटने कायदा करून कोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा असे ठरवले. गंमत म्हणजे तो कायदा फ्रेंच भाषेतच लिहिलेला होता. कागदपत्रांतली लॅटिन जायला तर अठरावे शतक उजाडले. स्वतःची अडचण माणसाला लवकर समजते, तीच दुसऱ्याची असली की समजत नाही. हा दोष एकट्या इंग्रजांचा नाही.

विसाव्या शतकात या बाबतीत जगाची समजूत पालटली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५–४६ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला. ज्यांच्यावर लाखोंच्या हत्येचा आरोप होता त्यांच्यासाठीही इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत एकाच वेळी भाषांतराची सोय केली होती. आरोपींच्या कानांवर यंत्रे होती. बोलणारा फार भरभर बोलू लागला तर पिवळा दिवा लागे, थांबायचे असेल तर तांबडा. अशा आरोपींनाही शब्द न् शब्द कळला पाहिजे, असे विजेत्या राष्ट्रांना वाटले.

पुढे अमेरिकेत नेग्रॉन नावाच्या प्वेर्तो रिकोच्या मजुरावर न्यूयॉर्क राज्यात खुनाचा खटला झाला. त्याला स्पॅनिशच येत होती, त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हती. सरकारी दुभाषी अधूनमधून मधल्या सुट्टीत त्याला साक्षीचा सारांश सांगत असे, तोही दहावीस मिनिटांत. १९७० मध्ये तिथल्या वरिष्ठ संघ न्यायालयाने हा खटला घटनेला धरून झाला नाही असा निर्णय दिला. जो माणूस शरीराने हजर आणि कानाने गैरहजर, तो हजर नव्हताच, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेने संघ न्यायालयांतील दुभाष्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जर्मनीविरुद्धच्या एका प्रकरणात ठरवले की आरोपी दोषी ठरला तरी दुभाष्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येणार नाही.

यापेक्षा जवळचे उदाहरण केरळच्या एका अशिक्षित शेतकऱ्याचे आहे. मॉरिशसच्या विमानतळावर तो हेरॉइनसह पकडला गेला. त्याला मल्याळम येत होती, खटला इंग्रजीत चालला. दुभाषी कोर्टात बसलेला होता, पण साक्षी त्याला भाषांतर करून सांगितल्या गेल्या नाहीत. शिक्षा फाशीची झाली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९९३ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. आरोपीला साक्षी समजतात की नाही हे पाहणे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे, नुसता वकील हजर आहे एवढ्याने ते संपत नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आपला कायदा या बाबतीत मुका नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ आणि आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१४ सांगते की आरोपी हजर असताना त्याला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती खुल्या न्यायालयात त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगितली पाहिजे. आरोपीच्या जबाबाबद्दलही तरतूद आहे. तो शक्यतो ज्या भाषेत घेतला त्याच भाषेत लिहावा, लिहिलेला आरोपीला समजावून सांगावा आणि त्यात दुरुस्ती किंवा भर घालण्याची त्याला मुभा असावी. माझ्या मामांना हवे होते ते सारे पुस्तकात छापलेले आहे.

न्यायनिवाड्यांतही चांगली उदाहरणे आहेत, आणि त्यांतली दोन महाराष्ट्रातली आहेत. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या प्रकरणात एकाला प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केले होते. त्याला कारणे इंग्रजीत दिली. मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, असे तो म्हणाला. पोलिसांनी तोंडी समजावून सांगितले आहे, तेवढे पुरे, असे सरकारचे म्हणणे पडले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि त्याला मुक्त केले. दुसरे प्रकरण अगदी ताजे आहे. मुंबईतल्या एका मोटार अपघातावरून निघालेल्या मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे त्या माणसाला कळेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजेत.

म्हणजे अटकेच्या दारापाशी आपण भाषेचा हक्क नीट मानला आहे. खटल्याच्या आतल्या खोलीत मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे. १९६७ च्या शिवनारायण काब्रा विरुद्ध मद्रास राज्य या प्रकरणात आरोपीने तक्रार केली की साक्षी मला न कळणाऱ्या भाषेत झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्याच्या वकिलांना ती भाषा येत होती, त्याचे काही नुकसान झाल्याचे दिसत नाही, तेव्हा ही प्रक्रियेतली चूक सुधारण्याजोगी आहे आणि तेवढ्यावरून खटला रद्द होत नाही.

उलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका व्हिएतनामी आरोपीच्या प्रकरणात नेमकी विरुद्ध बाजू घेतली. तिथे दुभाषीच बचावाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि आपल्या साक्षीचा त्याने केवळ सारांश आरोपीला सांगितला. यामुळे आरोपीचे काय नुकसान झाले, हे त्याने दाखवण्याची गरज नाही, असे न्यायालय म्हणाले. न समजणे हेच नुकसान. आरोपीला त्यांनी मोकळे सोडले नाही, खटला नव्याने चालवण्याचा हुकूम दिला.

मित्रहो, तौलनिक अभ्यासाचा उपयोग इथे दिसतो. दोन्ही देशांच्या पुस्तकांत कायदा जवळजवळ सारखा आहे. फरक एका प्रश्नाच्या उत्तरात आहे. न कळल्यामुळे नुकसान झाले हे आरोपीने सिद्ध करायचे, की न कळणे हेच नुकसान मानायचे? नुसते आपलेच पुस्तक वाचले असते तर हा प्रश्न माझ्या ध्यानातही आला नसता.

माझे मत कॅनडाच्या बाजूने आहे. त्याचे कारण साधे आहे. जी साक्ष आपल्याला कळलीच नाही, ती कळली असती तर आपण काय विचारले असते, हे कोणता माणूस सांगू शकेल? साक्षीदार खोटे बोलला तर त्या जागी आपण वकिलाच्या कानात सांगतो की त्या दिवशी हा गावातच नव्हता. हे एक वाक्य कधी कधी खटला फिरवते. ते वाक्य आरोपीच्याच डोक्यात असते. वकिलाच्या नसते, न्यायाधीशाच्या तर नसतेच. मद्रासच्या त्या प्रकरणात आरोपीच्या मदतीला भाषा जाणणारे वकील होते. आमच्या खेड्यातल्या माणसाला तसा वकील मिळाला तरी त्याच्यापाशी तेवढा वेळ नसतो.

यावर तीन आक्षेप येतील आणि ते विचार करण्यासारखे आहेत.

पहिला असा की कोर्टात आधीच प्रकरणे तुंबली आहेत, प्रत्येक वाक्याचे भाषांतर करत बसलो तर निकाल कधी लागणार? वेळ लागेल हे खरे. पण अपिलात खटला परत आला तर त्याहून अधिक वेळ जातो. शिवाय भाषांतराची गरज प्रत्येक खटल्यात नसते. ती कोणत्या खटल्यात आहे हे पहिल्या तारखेलाच कळू शकते.

दुसरा आक्षेप असा की लबाड आरोपी भाषा येत असूनही येत नाही म्हणतील. काही म्हणतीलच. पण लबाडी ओळखणे हे कोर्टाचे रोजचेच काम आहे. माझ्या मामांसारखे लोक तर याच्या उलट वागतात. न कळूनही कळल्याचे दाखवतात, कारण त्यांना मोठ्या माणसापुढे अडाणी दिसायचे नसते. अशा माणसाची दखल कोण घेणार?

तिसरा आक्षेप नाजूक आहे. कर्नाटकात राहून मराठीचा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. मी तसा आग्रह धरलेला नाही. राज्याच्या कोर्टात राज्याची भाषा असावी हे योग्यच आहे. कन्नड माणसाला बंगळूरच्या इंग्रजीपेक्षा आपल्या तालुक्याच्या कोर्टात कन्नड ऐकू आले तर त्याचा आनंद मी समजू शकतो. पण अक्कलकोट आणि जत तालुक्यांतल्या कन्नड शेतकऱ्याला मराठी कोर्टात उभे राहताना जे वाटते, तेच औरादच्या मराठी शेतकऱ्याला इथे वाटते. दोघांचे दुःख एक आहे. त्यांच्याही पलीकडे लमाणी बोलणारा माणूस आहे, त्याचे कोर्ट तर सीमेच्या दोन्ही बाजूंना नाही. म्हणून हा सीमावाद नव्हे. कोर्टाची भाषा एकच असू द्या, पण आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत ती पोहोचवणारा माणूस जवळ असू द्या, एवढेच मागणे आहे.

काय करता येईल? मला तीन गोष्टी सुचतात. पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी आरोपीला विचारावे, "तुम्हाला कोणती भाषा नीट कळते?" आणि उत्तर रोजनाम्यात लिहून ठेवावे. याला पैसा लागत नाही. दुसरे, सीमेवरच्या प्रत्येक कोर्टात शपथ घेतलेल्या आणि शिकवून तयार केलेल्या दुभाष्यांची यादी असावी, त्यांना मेहनताना मिळावा. नाही तर कोर्टाचा शिपाई किंवा बाहेर बसलेला कोणी दोन शब्द सांगतो आणि त्याला भाषांतर म्हणतात. तिसरे, आरोप काय आहे याचा एक पानाचा सारांश आरोपीच्या भाषेत त्याच्या हाती द्यावा. आज भाषांतर करणारी यंत्रे निघाली आहेत, न्यायालयाचे निर्णयही त्यांच्या मदतीने देशी भाषांत आणले जात आहेत. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या कानाशी बोलायला अजून माणूसच लागतो.

आणि हा माणूस आपल्या महाविद्यालयातून जावा, असे मला मनापासून वाटते. दोन्ही भाषा जाणणारी मुले आपल्याइतकी आणखी कुठे सापडतील? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत पॅरा-लीगल स्वयंसेवक नेमले जातात. त्यांत आपल्या विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत. मराठी विभागाने आणि कन्नड विभागाने मिळून कोर्टातल्या शब्दांचा एक छोटा कोश करावा. हे काम वाटते तितके सोपे नाही. आरोपी, वकील, जामीन, दंड हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत, म्हणून आपण गाफील राहतो. पण मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष, आणि कन्नडात अनुमान म्हणजे संशय. साक्षीदार म्हणाला, "मला अनुमान होते," तर त्याचा अर्थ एका भाषेत एक आणि दुसरीत दुसरा. अशा एका शब्दावर माणूस आत जाऊ शकतो किंवा बाहेर येऊ शकतो. मामांचे 'हौदु' तर त्याहूनही लहान होते.

माझ्या या विचारांत कायद्याच्या दृष्टीने त्रुटी असतील, जाणकारांनी त्या दाखवाव्यात. आपल्या कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांनी या लेखाला पुढच्या अंकात कन्नडातून उत्तर दिले तर मला आनंद होईल. मी ते वाचीन, आणि जिथे अडेल तिथे शेजारच्या दूधवाल्याला विचारीन. कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसाला असे विचारायला शेजारी नसतो. पुढच्या वेळी कोणत्याही कोर्टाच्या मागच्या बाकावर मी बसलो असेन आणि पिंजऱ्यातला माणूस न समजता मान हलवताना दिसला, तर मी उठून उभा राहीन, असे मात्र मी ठरवले आहे.